न पेरलेली भाजी



वाचक माउली, गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने भक्ताकडे चार वस्तू मागितल्या आहेत: पान, फूल, फळ आणि पाणी. आम्ही कीर्तनकार मंडळी त्यावर तास-दोन तास सहज निरूपण करतो. पण बोलतो ते भावावर, वस्तूवर फारसे बोलत नाही. भाव मुख्य, यात शंका नाही. तरी त्या चारांत पहिले नाव पानाचे का आले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. फूल आपल्या ऋतूत येते. फळाला वर्षे लागतात आणि झाड लावायला स्वतःची जागा लागते. पान मात्र बांधावर, ओढ्याकाठी, परसात, कुठेही सापडते. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याही हाताला पान लागते, आणि देवाने आधी तेच मागितले.

आज मी तुळशीच्या किंवा बेलाच्या पानाविषयी लिहीत नाही. ज्या पानांवर आपल्या वाडवडिलांनी दिवस काढले, त्या पालेभाजीविषयी चार शब्द सांगायचे आहेत. राजांच्या लढायांचा इतिहास बखरींत आहे. पालेभाजीचा इतिहास पुराणांत, वैद्यकग्रंथांत, सणावारांत आणि बायाबापड्यांच्या जिभेवर विखुरलेला आहे. तो थोडा गोळा करून पाहू.

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहा. भाजीला संस्कृतात शाक म्हणतात. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या भावप्रकाशात शाकाचे सहा प्रकार सांगितले आहेत: पान, फूल, फळ, देठ, कंद आणि सहावा ओलाव्यातून आपोआप उगवणाऱ्या अळंब्यांसारखा. हे सहाही पचायला एकापुढे एक जड मानले आहेत. म्हणजे इथेही पहिले नाव पानाचे, आणि सहांत हलके तेच. ग्रंथकाराने शाकांची नुसती स्तुती केलेली नाही. शाकांत रोग वस्तीला असतात, असा कडक इशाराही तिथेच आहे. चरकसंहितेत तर निवाडाच दिला आहे. शाकांत श्रेष्ठ जीवंती आणि सर्वांत अपथ्यकर मोहरीची भाजी. तेव्हा हिरवे दिसले की खावे, असा आपल्या पूर्वजांचा बाणा नव्हता. कोणते पान, कोणत्या ऋतूत, कसे शिजवून, याचा त्यांनी विचार केला होता.

चरकाच्या शाकवर्गात जी नावे येतात, त्यांतली बरीच आजही आपल्या ताटात आहेत. वास्तुक म्हणजे आपला चाकवत. तण्डुलीयक म्हणजे तांदुळजा. उपोदिका म्हणजे मायाळू. चांगेरी म्हणजे आंबुटी. नावांची घडण पाहा. तण्डुलीयाचा तांदुळजा झाला, चुक्राचा चुका झाला, शतपुष्पेची शेपू झाली, मेथिकेची मेथी झाली, कुस्तुंबरीची कोथिंबीर झाली. संस्कृत पंडितांच्या पोथीतला शब्द आणि बाजारात जुडी विकणाऱ्या मावशीच्या तोंडचा शब्द एकाच वंशातले आहेत. मधल्या दीड-दोन हजार वर्षांत राज्ये आली आणि गेली. तांदुळज्याचे नाव मात्र आईने मुलीला आणि मुलीने नातीला सांगत इथवर आणले.

आता महाभारतात या. वनपर्वात यक्षप्रश्नांचे आख्यान आहे. तळ्याकाठी चार भाऊ निपचित पडले आहेत आणि यक्ष धर्मराजाला प्रश्न विचारतो आहे. त्यांतला एक प्रश्न असा की, सुखी कोण? माउली, धर्मराज राजसूय यज्ञ केलेला सम्राट. मयसभेत बसलेला माणूस. त्याने काय उत्तर द्यावे? तो म्हणतो, दिवसाच्या पाचव्या किंवा सहाव्या प्रहरभागात का होईना, जो आपल्या स्वतःच्या घरी नुसती भाजी शिजवून खातो, ज्याच्या डोक्यावर ऋण नाही आणि ज्याला पोटासाठी परगावी राहावे लागत नाही, तो सुखी.

हे उत्तर मी कीर्तनात अनेकदा सांगितले. श्रोते माना डोलावतात. पण त्याच्या पोटातली गोष्ट पुष्कळदा निसटते. धर्मराजाने भाजी आणि ऋण या दोन गोष्टी एकाच दमात का घेतल्या? कारण त्या काळी शाक म्हणजे विकत न घेता मिळणारे अन्न होते. धान्यासाठी बी लागते, बैल लागतात, पाऊस चुकला तर सावकार लागतो. रानातल्या पानाला यातले काहीच लागत नाही. जो पानावर निभावतो तो कोणाचा मिंधा नसतो. द्यूतात सर्वस्व हरून वनात आलेल्या राजाला हे कळले होते.

त्याच वनवासात द्रौपदीच्या थाळीचा प्रसंग आहे. सूर्याने दिलेले पात्र, द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच अन्न देणारे. ती जेवून उठली, पात्र घासून ठेवले आणि दुर्वास ऋषी दहा हजार शिष्यांसह दारात उभे राहिले. स्नान करून येतो, पान वाढा, असे सांगून नदीवर गेले. द्रौपदीने धावा केला. भगवंत आले तेही भूक लागली म्हणतच आले. पात्र मागून घेतले, आत पाहिले, तर कडेला भाजीचे पान आणि अन्नाचा कण चिकटलेला. तेवढे मुखात घातले आणि तिकडे नदीवर दहा हजारांना ढेकर आले.

ज्या माउलीने कधी पातेले घासले आहे तिला हे पान बरोबर समजेल. भाताची शिते पाण्याने सुटून जातात. शिजलेले भाजीचे पान मात्र भांड्याच्या गळ्याशी चिकटते, कितीही धुतले तरी एखादे राहतेच. विश्वंभराची भूक भागली ती त्या न सुटलेल्या पानाने. आणि ते पान आले कुठून? पांडवांनी वनात मळा लावल्याचे कथेत नाही. विदुराच्या घरचेही असेच. दुर्योधनाची पक्वान्ने नाकारून भगवंत विदुराकडे जेवले. आपल्याकडे विदुराघरच्या कण्या म्हणतात, उत्तरेकडच्या भजनांत विदुराघरचे साग म्हणतात. साग म्हणजे पालेभाजीच.

पुराणांत याहून मोठी कथा देवीची आहे. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात देवी वचन देते की, शंभर वर्षे पाऊस पडणार नाही तेव्हा माझ्याच देहातून उगवलेल्या शाकांनी मी जगाला जगवीन, म्हणून मला शाकंभरी म्हणतील. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरीचे नवरात्र असते. कर्नाटकात बदामीजवळची बनशंकरी ही तीच देवी, आणि महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे. तिथल्या उत्सवात एकशे आठ भाज्यांचा नैवेद्य दाखवतात. कथेतला क्रम ध्यानात घ्या. दुष्काळात देवी आकाशातून धान्याची पोती टाकत नाही. ती पाला होऊन उगवते. ज्यांनी ही कथा रचली त्यांनी दुष्काळ डोळ्यांनी पाहिला असला पाहिजे.

आता आपल्या संप्रदायात येऊ. भाजीचे नाव निघाले की वारकऱ्याला अरणचे सावता महाराज आठवतात. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात अरण हे गाव. शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५, आषाढ वद्य चतुर्दशीला महाराजांनी देह ठेवला. त्यांचे सदतीसच अभंग आज उपलब्ध आहेत, आणि ते काशीबा गुरवांनी लिहून ठेवले असे परंपरा सांगते. पंढरी जवळ असून महाराज मळा सोडून वारीला गेले नाहीत. हातातले काम हीच त्यांची पूजा. म्हणून आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. भक्त देवाकडे जातो हे सगळीकडेच आहे. इथे देव माळ्याच्या मळ्यात येतो.

महाराजांचा भाज्यांचा जो अभंग घरोघर गायला जातो, त्यात मिरचीचेही नाव आहे. जिज्ञासू तरुण आम्हाला विचारतात की, बुवा, पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला उतरले आणि मिरची त्यांच्यामागून आली, मग दोनशे वर्षे आधीच्या अभंगात ती कशी? प्रश्न रास्त आहे, रागावण्यासारखा नाही. अभंग शतकानुशतके मुखातून मुखात गेले. गाणारा माळी आपल्या वाफ्यात जे उभे होते तेच देवाला वाहत गेला, असे मी समजतो. बटाटा, टोमॅटो, कोबी, फुलकोबी, मिरची ही पाहुणी मंडळी अशीच मागून आली. कोबी हे नावसुद्धा पोर्तुगीजांचे. पण मेथी, माठ, तांदुळजा, चाकवत, चुका ही पाने सावता महाराजांच्या आधीपासून या मातीत होती. महाराजांच्या विळ्याखाली तीच आली असतील.

मळ्यातली भाजी पेरलेली असते. पण कोणत्याही मळ्यात जेवढे पेरतो त्याहून जास्त न पेरलेले उगवते. त्याला आपण तण म्हणतो. आणि इथे आपल्या आयाबहिणींची हुशारी दिसते. खुरपणी करताना त्यांनी सगळे तण एका ढिगात कधी टाकले नाही. हरळी-लव्हाळा बांधावर जाई, आणि तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी, केना, कुर्डूची कोवळी पाने ओट्यात जात. रब्बीच्या गव्हात चाकवत आपोआप येई. संध्याकाळी मजुरीचे पैसे गाठीला आणि रात्रीची भाजी ओट्यात. मालक त्या भाजीचे पैसे मागत नसे. तो अलिखित हक्क होता. जमीन एकाची, पीक एकाचे, पण न पेरलेली भाजी जिने खुरपली तिची.

या भाजीची परीक्षा दुष्काळात झाली. आपल्या देशावर दुष्काळ नवा नाही. इसवी सन १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे चालला असे सांगतात. पंधराव्या शतकात मंगळवेढ्याला दामाजीपंतांनी बादशाही कोठारे उघडली ती दुष्काळातच. मग १६३० चा महादुष्काळ. तुकाराम महाराज तेव्हा ऐन विशीतले. गुरेढोरे गेली, व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्यानंतर महाराजांनी काय केले? घरात लोकांनी लिहून दिलेली कर्जखते होती. धाकट्या बंधूंचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली.

माउली, इथे पुन्हा धर्मराजाचे उत्तर आठवा. सुखी तो, ज्याच्यावर ऋण नाही. तुकोबारायांनी देहूच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांना एका दिवसात त्या व्याख्येत बसवले. दुसऱ्याचे ऋण फेडायला मदत करणारे पुष्कळ असतात. आपल्याला येणे असलेले ऋण पाण्यात सोडणारा एखादाच.

पुढे १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ इंग्रजी अमदानीत पडला. मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा पंचविसावा खंड १८८६ साली निघाला, तो वनस्पतींचा आहे. त्यात डॉक्टर लिस्बोआ या गोमंतकीय वैद्यांनी दुष्काळात लोक खातात अशा वनस्पतींची स्वतंत्र नोंद केली आहे. सरकारी ग्रंथात ती नावे जाण्याआधी ती उपाशी माणसांनी स्वतःच्या पोटावर तपासलेली होती, हे विसरू नये.

१९७२ चा दुष्काळ माझ्या पिढीने अंगावर घेतला. खडी फोडायची कामे, रेशनवरची तांबडी मिलो, मुलांना वाटलेली सुकडी हे सगळे आठवणारे अजून आहेत. आम्ही तेव्हा तरुण होतो. पहिल्या थोड्याशा सरींवर माळाला जी हिरवी झाक आली ती तरोट्याची होती. पिकाला तो पाऊस पुरला नाही, तरोट्याला पुरला. कामावरून परतणाऱ्या बायका वाटेत वाकून वाकून कोवळे शेंडे खुडत. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, ती त्या भाजीबरोबर उतरली. शाकंभरीची कथा मी पुढे अनेक ठिकाणी सांगितली. सांगताना माझ्या डोळ्यांसमोर मूर्ती येत नसे, त्या वाकलेल्या बायका येत.

आता सणावारांकडे या. चातुर्मासात श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्य वर्ज्य करण्याचे व्रत सांगितले आहे. श्रावणात शाक का सोडावे? पावसात पानांना चिखल लागतो, किडी-अळ्या असतात आणि जठराग्नी मंद असतो, असे वडीलधारे सांगत. ते पटण्यासारखे आहे. पण याच श्रावणात डोंगरदऱ्यांतल्या घरांत कणगी रिकामी झालेली असते आणि नवे धान्य यायला अवकाश असतो. त्या घरांना टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी, दिंडा हेच जेवण. व्रत ज्याच्या घरी पर्याय आहे त्याच्यासाठी आहे. ज्याला दुसरे काही नाही त्याने श्रावणात पाला खाल्ला म्हणून त्याचे व्रत मोडले, असे कोणी समजू नये. शास्त्रातही आपद्धर्म सांगितलेला आहेच.

लगेच भाद्रपद शुद्ध पंचमीला ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. नांगरलेल्या शेतातले धान्य नको, भाजी नको. मग काय खायचे? परसातले अळू, लाल माठ, सुरण, भोपळा, हाताने लावलेले किंवा आपोआप आलेले. वर्षातून एक दिवस बैलाला ऋणातून मोकळे करणारे हे व्रत बायकांनी सांभाळले. त्याच महिन्यात गौरी येतात, आणि आल्या दिवशी पुष्कळ घरी त्यांना भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. पश्चिम महाराष्ट्रात शेपूची भाजी हटकून असते. माहेरवाशीण दमून आली आहे, तिला आधी साधे जेवण घाला, पुरणपोळी उद्या. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव, सोलापूर भागात वेळ अमावास्या असते. तेव्हा शेतात बसून खायच्या भज्जीत मेथी, पालक, चुका, कांद्याची पात आणि ओले दाणे एकत्र शिजतात, बरोबर आंबील आणि बाजरीचे उंडे. ही सगळी व्रते नीट पाहिली, तर वर्षभरात कोणते पान केव्हा खुडायचे याची ती एक उजळणीच आहे. पाटी-पेन्सिल न धरलेल्या आजीला ती तोंडपाठ होती.

वारीत या ज्ञानाची देवघेव होत असे. ज्येष्ठ वद्यात पालखी निघते तेव्हा नुकता पाऊस झालेला असतो आणि रस्त्याच्या कडेला पहिली पाने वर आलेली असतात. आमच्या दिंडीत वऱ्हाडातल्या आणि कोकणातल्या माउली एकत्र चालत. वाटेत एका झुडपाकडे बोट करून एक म्हणे तरोटा, दुसरी म्हणे टाकळा. दोघी आपापल्या नावावर ठाम. शेवटी पान चोळून वास घेतला आणि दोघी हसल्या. चवळई म्हणा, तांदुळजा म्हणा. पुनर्नवा म्हणा, घेटुळी म्हणा. वस्तू एक, नावे अनेक, हे वारकऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. विठ्ठल, विठोबा, पांडुरंग ही नावे घेतच तो चाललेला असतो. एकीने टाकळा लसणाच्या फोडणीवर कसा करतात ते सांगितले, दुसरीने डाळ घालून कसा करतात ते सांगितले. अर्थात आमच्यात कांदा-लसूण आषाढ शुद्ध नवमीपर्यंतच. कांदेनवमी झाली की फोडणी जिऱ्याची.

आता जे सांगायचे आहे ते थोडे कडू आहे. गेल्या काही वर्षांत शिवारातून ही भाजी नाहीशी होत चालली आहे. कारण तणनाशक. त्यातले टू-फोर-डी नावाचे औषध गवतवर्गातल्या पिकाला इजा करत नाही, रुंद पानाच्या तणांना मारते. म्हणजे गहू राहतो आणि त्यातला चाकवत जातो. ग्लायफोसेट तर जे हिरवे दिसेल ते जाळते. बांधावर फवारले की घोळ गेली, पाथरी गेली, तांदुळजा गेला. खुरपणी थांबली तशी बायकांची मजुरी थांबली आणि ओट्यातली भाजीही थांबली.

मी शेतकऱ्याला दोष देत नाही. खुरपायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, पाऊस लागून राहिला तर तण पिकाच्या डोक्यावर जाते. त्याची अडचण खरी आहे. पण हिशोब काय झाला तो पाहा. बी उधारीवर, खत उधारीवर, आणि आता जे फुकट उगवत होते ते मारायचे औषधही उधारीवर. फवारणी करून घरी आल्यावर भाजी बाजारातून विकत. धर्मराजाने सुखाची खूण म्हणून ज्या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या, घरची भाजी आणि बिनऋणाचे आयुष्य, त्या दोन्ही एकाच फवाऱ्याने जातात. तुकोबारायांनी खते बुडवलेल्या या मुलखात कर्जापायी शेतकरी जीव देतो, हे आपण रोज वाचतो. पालेभाजीने ते कर्ज फिटणार नाही, हे मला कळते. पण ऋणाची सवय घरात कुठून शिरली हे शोधायला निघालो तर वाट या बांधावरूनही जाते.

दुसरी हानी नावांची. पान गेले तरी बी मातीत पुष्कळ दिवस टिकते, फवारणी थांबली तर परत उगवते. पण ते ओळखणारी आजी गेली तर उगवूनही उपयोग नाही. नातसून त्याला गवत समजून उपटून टाकेल. आपण नामाचे उपासक. नाव विसरले की वस्तू समोर असूनही भेट होत नाही, हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावठी बियाणे जपले, आणि २०२० सालची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. कृषी विभाग पावसाळ्यात ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरवतो, तिथे डोंगरातल्या बायका पाने घेऊन बसतात आणि शहरातली माणसे नावे विचारतात. हे चांगले आहे. पण महोत्सव एका दिवसाचा, घरातली माणसे रोजची.

म्हणून या चातुर्मासात तुम्हाला काही विनंत्या करतो. घरात किंवा शेजारी सत्तरीच्या पुढची आजी असेल तर तिला बांधावर हात धरून न्या. तिच्याकडून पाच पानांची नावे, ओळख आणि करण्याची रीत विचारा. पाचच, जास्त नकोत. ती मुलांकडून वहीत लिहून घ्या. ज्याला शेत आहे त्याने एक बांध, निदान दोन काकऱ्या, औषधावाचून सोडाव्यात आणि तिथली भाजी खुरपणाऱ्या बाईची समजावी. फवारलेल्या रानातली, गटाराकाठची, मोठ्या रस्त्याच्या कडेची भाजी कोणी खुडू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या पानाचे नाव घरात कोणालाच माहीत नाही ते पान पातेल्यात जाऊ नये. रानातले अळू घशाला खाजते, टाकळा जून झाला की खाण्याजोगा राहत नाही, सारखी दिसणारी दोन पाने सारखी नसतात. पाहून, विचारून, मग शिजवून खावे. पूर्वज इतके सावध होते म्हणूनच आपण आहोत.

आणि द्वादशीला पारणे सोडताना ताटात एखादी पालेभाजी असू द्या. खाण्याआधी तिचे नाव मुलांना सांगा, ती कोणी खुडली ते सांगा. द्रौपदीच्या थाळीतल्या पानाची गोष्ट सांगायला त्याहून चांगली वेळ नाही. मुले विचारतील की, एका पानाने दहा हजार माणसांचे पोट कसे भरले? तेव्हा त्यांना दुष्काळात वाकलेल्या त्या बायकांचेही सांगा. पानाने माणसे जगतात, हे या मातीत अनेकदा घडलेले आहे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.